कुलूप लावलं, पण किल्ली कुणाकडे?

गेल्या अंकात आपण वाचकांना विचारलं होतं की सोशल मीडियाची ॲप्स स्वतःच्याच फोनवर स्वतःच बंद करायचा प्रयत्न कुणी केलाय का, आणि केला असेल तर गाडी नेमकी कुठे अडली. पत्रं भरपूर आली, आणि जवळजवळ प्रत्येकात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत होती, कळतं पण वळत नाही. त्यातले सात प्रश्न इथे घेतलेत. ज्यांची पत्रं छापली नाहीत त्यांनी रागावू नका, तुमचं उत्तर यातल्या कुठल्या ना कुठल्या उत्तरात सापडेल असं बघूनच निवड केली आहे. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी रोज इन्स्टाग्रामला तीस मिनिटांचा टायमर लावतो. वेळ संपली की ॲप बंद होतं, आयकॉन करडा पडतो, आणि मी लगेच सेटिंगमध्ये जाऊन तीसचे साठ करतो, साठचे नव्वद. काल रात्री तर टायमरच काढून टाकला. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? (ऑफिसात काम करणारा वाचक, अँड्रॉइड फोन)

उत्तर : इच्छाशक्तीचं आधी बाजूला ठेवा हो. तुम्ही केलंत काय ते बघा. कुलूप लावलंत आणि किल्ली त्याच कुलपाला लटकवून ठेवलीत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, तसं झालंय, फक्त इथे राखणारा माणूस आणि पळवणारा माणूस एकच आहे. सकाळी टायमर लावणारे तुम्ही ताजेतवाने असता, आणि रात्री साडेअकराला तो काढणारे तुम्ही दिवसभर राबून थकलेले असता. त्या थकलेल्या माणसाला दोष देऊन काही होत नाही, त्याच्या हाताशी किल्ली राहणार नाही एवढंच बघायचं.

अँड्रॉइडवरचं डिजिटल वेलबीइंग 2018 मध्ये अँड्रॉइड 9 सोबत आलं, आयफोनचं स्क्रीन टाइमही त्याच वर्षी आयओएस 12 मध्ये आलं. तुमचा वेळ कुठे जातो ते दाखवणं आणि मधे एकदा खांद्यावर हात ठेवून आठवण करून देणं हे काम डिजिटल वेलबीइंग चांगलं करतं. पण त्याच्या टायमरला पासवर्ड नाही. त्यामुळे ज्याला फक्त आठवण पुरते त्याला ते पुरतं, आणि ज्याला अडवावं लागतं (म्हणजे तुम्ही, मी आणि पत्रं लिहिणारे बहुतेक सगळे) त्याला पुरत नाही.

आणि समोर काय आहे तेही समजून घ्या. खाली सरकवत राहिलं तरी न संपणारं पान, ज्याला इन्फिनिट स्क्रोल म्हणतात, ते आझा रास्किन नावाच्या डिझायनरने 2006 च्या सुमारास बनवलं आणि पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भाग संपतो, आणि संपलं की माणूस मान वर करतो. इथे संपणंच काढून टाकलंय. त्यात भर म्हणजे पुढचा व्हिडिओ चांगला निघेल की टुकार हे आधी कळत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा ठराविक चोचींनंतर मिळण्यापेक्षा कधी मिळेल कधी नाही असा मिळाला तर कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं. आपला अंगठा तेच करतोय. तेव्हा तीस मिनिटांनी तुम्हाला थांबता येत नाही याचं नवल नाही, ती वस्तूच न थांबण्यासाठी घडवलेली आहे.

आता करायचं काय. टायमर लावण्याआधी ॲप उघडण्याच्या क्षणाकडे बघा, कारण एकदा आत गेल्यावर बाहेर ओढणं अवघड आणि दारातच अडवणं सोपं. वन सेक नावाचं एक ॲप आहे, तुम्ही इन्स्टाग्राम उघडायला गेलात की ते मधे येतं, काही सेकंद थांबवतं, श्वास घ्यायला लावतं, आणि मग विचारतं की खरंच उघडायचंय का. यावर 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 280 जण, सहा आठवडे, आणि दिसलं असं की ॲप उघडायला गेलेली माणसं 36 टक्के वेळा दारातूनच परत फिरली. त्यातही नुसतं थांबवण्यापेक्षा ‘राहू दे’ असं म्हणायला समोर बटण असणं जास्त कामाला आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बऱ्याचदा आपल्याला ते ॲप नकोच असतं, हात आपोआप गेलेला असतो, आणि परत फिरायला कुणी वाट दाखवली तर आपण आनंदाने फिरतो.

याने भागलं नाही तर कडक मोड असलेलं ब्लॉकर घ्या, ॲपब्लॉकमध्ये स्ट्रिक्ट मोड आहे, तो एकदा सुरू केला की ठरवलेला वेळ संपेपर्यंत नियम बदलता येत नाहीत. पण पहिल्याच दिवशी महिनाभराचा लावू नका. रात्री दहा ते सकाळी सात एवढाच लावा, आठवडाभर बघा. आणि फोन, मेसेज, नकाशा, बँकेचं ॲप ही मोकळी आहेत ना ते लावण्याआधी दोनदा तपासा, अडीअडचणीला ब्लॉकर आडवा आला तर तुम्ही तो कायमचा काढून टाकाल.

प्रश्न : मॅम, माझी परीक्षा जवळ आलीये. मी ॲप्स डिलीट केली, पण मग मी सफारीमधून तेच सगळं बघते, आणि कधीकधी ॲप परत डाउनलोड करते, दोन तास बघते, रडायला येतं, परत डिलीट करते. दिवसातून दोन-तीनदा हे होतं. आयफोनवर पक्कं काही करता येईल का? (विद्यार्थिनी)

उत्तर : येईल, आणि तुझ्याकडे त्यासाठी लागणारं सगळं फोनमध्येच आहे, वेगळं काही विकत घेऊ नकोस. तू दार बंद केलंस पण खिडकी उघडी राहिली आणि दाराची कडीही आतूनच आहे, म्हणून हे होतंय. तीन गोष्टी एकाच बैठकीत कर, उद्यावर ढकललंस तर होणार नाही.

सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम उघड, त्यात कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स सुरू कर. तिथे ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद करता येते, ती बंद केलीस की ॲप स्टोअरचा आयकॉनच दिसेनासा होतो, म्हणजे परत डाउनलोड करायचा रस्ता गेला. मग वेब कंटेंटमध्ये जा, प्रौढांच्या साइट मर्यादित करायचा पर्याय निवड, आणि खाली ‘कधीच परवानगी नको’ अशी यादी येते त्यात तुला छळणाऱ्या साइटचे पत्ते एकेक करून टाक. याच पर्यायाने सफारीचं प्रायव्हेट ब्राउझिंगही बंद होतं, म्हणजे खिडकी गेली.

आता राहिली किल्ली. स्क्रीन टाइमला चार आकड्यांचा पासकोड लागतो आणि तो तुला माहीत असता कामा नये. दोन विश्वासातल्या माणसांना बोलाव, आई आणि मैत्रीण, ताई आणि दादा, कुणीही. पहिले दोन आकडे एकाने टाकायचे, पुढचे दोन दुसऱ्याने, तू तोंड फिरवून बसायचं. फोन पासकोड दोनदा विचारतो, तेव्हा दोघांनी त्याच क्रमाने परत टाकायचे आणि आपापले आकडे कागदावर लिहून ठेवायचे. किल्ली दोन तुकड्यांत असली की एका माणसाला तू गोड बोलून पटवलंस तरी उपयोग होत नाही, आणि दोघांना पटवायला जो वेळ लागतो तेवढ्यात हुक्की बहुतेक वेळा उतरून जाते.

एक बारीक जागा आहे, तिथे बहुतेकांचं फसतं. पासकोड ठरवल्यावर फोन विचारतो की विसरलात तर ॲपल अकाउंट वापरून परत मिळवायचा का. तिथे तुझं स्वतःचं अकाउंट दिलंस तर सगळी मेहनत वाया, कारण ‘विसरले’ दाबून तू तो कधीही बदलू शकतेस. ती पायरी सोडून देता येते, सोडून दे. पण मग कागद मात्र खरंच जपा, कारण पासकोड हरवला तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करायची वेळ येऊ शकते. अभ्यासासाठी नवीन ॲप लागेल, ते आत्ताच टाकून घे आणि मगच कुलूप लाव.

आणि रडायला येतं असं लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. दिवसातून तीनदा डिलीट करणारी मुलगी कमजोर नसते गं, ती दिवसातून तीनदा लढते. फक्त लढाई चुकीच्या जागी चालली आहे, रोज तीनदा लढण्यापेक्षा एकदाच नीट कुलूप लाव आणि ती ताकद अभ्यासाला वापर.

प्रश्न : मीही आयफोनला स्क्रीन टाइमचं कुलूप लावलं, पासकोड नवऱ्याकडे दिला. आता रोज रात्री त्यावरून आमची भांडणं होतात. मी मागते, तो देत नाही, मी चिडते. एकदा दिला तर मीच सकाळी त्याला बोलले की का दिलास. (वाचक)

उत्तर : तुम्ही त्यांना किल्ली दिलीत पण नियम दिला नाहीत, म्हणून ते बिचारे रोज रात्री नव्याने ठरवत बसतात की आज द्यावी की नाही, आणि काहीही ठरवलं तरी बोलणी त्यांनाच. एखाद्या शांत दुपारी दोघं बसून एक वाक्य लिहा आणि दोघांनी मान्य करा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने लिहिलेलं वाक्य असं होतं, ‘मागितल्यापासून चोवीस तासांनी किल्ली मिळेल, कारण सांगावं लागणार नाही, कुणी काही बोलणार नाही.’ बस. आता नकार देणारा नवरा नाही, घड्याळ आहे. तुम्ही रात्री मागितलीत तर त्यांनी फक्त ‘उद्या या वेळेला देतो’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी न विचारता द्यायची, ती तुम्हाला तेव्हा नकोशी वाटली तर तुमचं तुम्ही ठरवाल. आणि खरंच कामासाठी ॲप लागलं, तर ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या स्क्रीनवर, टेबलाशी बसून बघा, अंथरुणात नाही.

तरीही खटके उडत राहिले तर किल्ली नवऱ्याकडून काढून मैत्रिणीकडे द्या. संसारात आधीच पुरेसे विषय असतात.

प्रश्न : माझं सगळं काम व्हॉट्सॲपवर चालतं. ते ब्लॉक करताच येत नाही. मग काय करायचं? (स्वतःचा व्यवसाय)

उत्तर : मग ते करू नका. व्हॉट्सॲपमध्ये तुमचा वेळ खाणारी जागा चॅट नसून बहुधा ग्रुप, स्टेटस आणि चॅनेल आहेत. कामाच्या नसलेल्या ग्रुपांना अर्काइव्ह करा, सेटिंगमध्ये ‘चॅट अर्काइव्हच ठेवा’ हा पर्याय सुरू ठेवला तर नवीन मेसेज आला तरी ते वर येत नाहीत. स्टेटस म्यूट करता येतात. सगळे चॅनेल सोडून द्या, एक दिवस काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, मग वाटणार नाही. ग्राहकांना स्वतःहून सांगा की उत्तर या या वेळेत मिळेल, लोक याला आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा फार पटकन तयार होतात.

प्रश्न : मला यूट्यूबवर शिकायचं असतं, पण शॉर्ट्स दिसले की तास जातो. यूट्यूब फोनमधून डिलीटही होत नाही. आणि मी एक ब्लॉकर टाकला होता तो दोन दिवसांनी आपोआप बंद पडला, असं का? (वाचक, अँड्रॉइड)

उत्तर : दोन प्रश्न आहेत, दोन्ही चांगले.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये यूट्यूब कंपनीकडूनच आलेलं असतं, म्हणून काढता येत नाही, पण सेटिंगमध्ये ॲपच्या पानावर ‘डिसेबल’ असं बटण असतं ते दाबलं की ते झोपी जातं, आयकॉनही जातो. मग शिकण्यासाठी फोनवर फायरफॉक्स ब्राउझर वापरा. त्यात मोबाइलवरही एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, टाकता येतात आणि शॉर्ट्स लपवणारी एक्स्टेंशन मिळतात. दुसरं, यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. 2023 पासून यूट्यूबने असं केलंय की हिस्टरी बंद असेल तर होम पेजवर शिफारशींचा ढीग येत नाही, पान जवळपास कोरं राहतं आणि शोधायची चौकट तेवढी दिसते. शिकायला आलेल्या माणसाला तेवढंच पाहिजे असतं. काय शोधायचंय ते कागदावर लिहून मगच उघडायचं अशी सवय लागली तर उत्तमच.

काहीजण डीएनएसवरून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतूनच, ब्लॉक करायला सुचवतात, अँड्रॉइड 9 पासून प्रायव्हेट डीएनएस अशी सोय आहे आणि नेक्स्टडीएनएससारखी सेवा त्यात टाकून तिथे नको त्या साइटचं नाव दिलं की अख्खी साइटच फोनवर उघडत नाही, ॲपमधूनही नाही आणि ब्राउझरमधूनही नाही. इन्स्टाग्रामसाठी हे छान चालतं. पण शॉर्ट्स आणि शिकायचे व्हिडिओ एकाच पत्त्यावरून येतात, त्यामुळे तुमच्यासाठी एकतर सगळं चालू नाहीतर सगळं बंद, म्हणून मी ते सुचवत नाही.

आता ब्लॉकर बंद का पडतो. बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात, आणि ब्लॉकरचं कामच मागे बसून लक्ष ठेवायचं असतं. माझ्या जुन्या फोनवर हे झालं होतं, मी दहा दिवस समजत होते की मी सुधारले, आणि मग लक्षात आलं की ब्लॉकर तिसऱ्याच दिवशी मेलेला होता आणि मी परत पहिल्यासारखी बघत होते. तेव्हा त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन ‘निर्बंध नको’ निवडा, फोनमध्ये ऑटोस्टार्ट असा पर्याय असेल तर तो द्या, फोन बंद-चालू करून ब्लॉकर जिवंत आहे का बघा.

एक सावधगिरीची गोष्ट, जी मला फार कळकळीने सांगावीशी वाटते. असे बरेच ब्लॉकर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही परवानगी मुळात ज्यांना दिसायला किंवा बोटांनी फोन वापरायला अडचण आहे त्यांना मदत करणाऱ्या ॲप्ससाठी आहे, आणि ती ज्याच्याकडे आहे ते ॲप तुमच्या स्क्रीनवरचं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. ब्लॉकरला ती लागते हे खरं, कारण तुम्ही काय उघडलंत ते त्याला कळायला हवं. पण म्हणूनच ती कुणालाही देऊ नका. अधिकृत स्टोअरमधलंच, बऱ्याच वर्षांपासून चाललेलं, पैसे कसे कमावतं ते उघड सांगणारं ॲप घ्या. कुणी लिंक पाठवली म्हणून बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उतरवून तर मुळीच नाही, अँड्रॉइड 13 पासून फोन स्वतःच अशा ॲपला ही परवानगी सहजासहजी देत नाही, आणि ते अडवतंय तर अडवू द्या.

प्रश्न : मी सगळं बंद केलं होतं. दहा दिवस मस्त गेले, मग एका रविवारी उघडलं आणि ये रे माझ्या मागल्या. आता वाटतं आपल्याच्याने होणार नाही. आणि खरं सांगू का, त्या दहा दिवसांत मला बरंही वाटत नव्हतं, सारखं काहीतरी चुकल्यासारखं, हात शिवशिवत होते. (वाचक, वय 34)

उत्तर : तुमचं पत्र मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं.

मी पहिल्यांदा ॲप काढलं तेव्हा त्या जागी, स्क्रीनच्या खालच्या ओळीत उजवीकडून दुसरं, कॅल्क्युलेटर सरकून आला. पुढचे कितीतरी दिवस मी कॅल्क्युलेटर उघडत होते. लिफ्टची वाट बघताना, दूध उतू जायची वाट बघताना, फोनवर कुणी होल्डवर ठेवलं की. समोर शून्य दिसायचं आणि मग कळायचं की मी काही हिशेब करायला आलेच नव्हते. डोक्याला ॲप नको होतं, अंगठ्याला ती जागा पाठ झाली होती. पाठ झालेली गोष्ट विसरायला वेळ लागतो आणि त्या काळात हात शिवशिवणारच, ते काही बिघडल्याचं लक्षण नाही.

किती वेळ? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता, रोजची एखादी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात यावर. मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 दिवस लागतील असं दिसलं तर कुणाला 254. आणि त्यातच हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे तुम्ही दहाव्या दिवशी हरलात असं समजताय, पण तुमचा तो दहावा दिवस होता, नव्याचे नऊ दिवस नुकतेच संपले होते. रविवारी उघडलंत, ठीक आहे, एक रविवार गेला. सोमवारी परत कुलूप.

पण रविवारच का, हे मात्र शोधा. कामाच्या दिवशी तुमचे हात आणि डोकं गुंतलेलं असणार, रविवारी दुपार रिकामी पडली आणि तिथे ठेवायला काही नव्हतं. अमेरिकेत 2018 मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी मोठा प्रयोग केला, लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. त्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला, आणि तो त्यांनी एकट्याने टीव्ही बघण्यात घालवला तसा घरच्यांसोबत आणि मित्रांसोबतही घालवला. समाधान थोडं वाढलं, फार नाही, थोडं. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. मी हे अशासाठी सांगते की ॲप बंद केल्याने आयुष्य फुलून येईल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल. मोकळा तास मिळतो, तेवढंच, आणि मोकळा तास सुरुवातीला बोचतो.

म्हणून पुढच्या वेळी कुलूप लावण्याआधी एक आठवडा नुसतं लिहून काढा, ॲप उघडलं तेव्हा मनात काय होतं. कंटाळा, एखादं काम टाळणं, कुणाशी तरी बोलावंसं वाटणं, झोप न येणं. प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं. बोलावंसं वाटत होतं तर एका माणसाला फोन करा. काम टाळत होतात तर त्या कामाचा पहिला तुकडा इतका छोटा करा की टाळायची गरज पडू नये. कंटाळा असेल तर हाताला काहीतरी द्या, शिवण, बाग, चित्र, सायकल दुरुस्ती, हातच शिवशिवतात ना, मग हातालाच द्यायचं.

आणखी एक. सोशल मीडियाचं व्यसन असं आपण सर्रास म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, गेमिंगचा विकार आहे, सोशल मीडियाचा असा वेगळा आजार नाही. म्हणजे तुम्हाला त्रास होत नाही असं नाही, पण स्वतःला व्यसनी म्हणून शिक्का मारायची घाई करू नका. झोप, नोकरी, नाती खरंच मोडत असतील किंवा मन सतत काळवंडलेलं असेल तर मात्र समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, कारण मग फोन हे बऱ्याचदा झाकण असतं आणि दुखणं त्याच्याखाली असतं.

प्रश्न : ताई, माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. रात्री दोन-तीनदा उठून दूध पाजावं लागतं, तेव्हा एका हातात फोन असतो. बाळ झोपतं आणि मी बघतच राहते, कधी तास जातो कळत नाही. सकाळी डोकं जड. सगळ्या आया किती छान दिसतात त्यात, त्यांची घरं पण. ब्लॉकर लावू का? (नवी आई)

उत्तर : लाव, पण आजच नको, आणि सगळ्यात आधी हे ऐक की रात्री तीन वाजता सगळं घर झोपलेलं असताना एकटीने जागं असलेल्या माणसाला कुणाचा तरी आवाज हवासा वाटतो, त्यात काही चूक नाही. तो आवाज तुझ्यापासून काढून घ्यायचा नाही, बदलायचा. कानात एकच इअरबड, हळू आवाजात, एखादं बोलतं पुस्तक (ऑडिओबुक) किंवा गप्पांचा पॉडकास्ट, झोपेचा टायमर लावून, म्हणजे ठराविक वेळाने तो आपोआप थांबतो. पुस्तकाला शेवट असतो, स्क्रोलला नसतो, आणि डोळे मिटून ऐकता येतं. हे दोन-तीन रात्री जमलं की मग ब्लॉकर.

तुझ्यासाठी कडक काही नको. अँड्रॉइडच्या बेडटाइम मोडमध्ये रात्री स्क्रीन काळी-पांढरी करायची सोय असते, ती रात्री नऊ ते सकाळी सात अशी लाव. रंग गेले की ती छान घरं बरीच साधी दिसायला लागतात, मी सांगते तुला, करून बघ. आणि ज्या अकाउंट बघून स्वतःबद्दल वाईट वाटतं ती दिवसा, शांतपणे, एकेक करून अनफॉलो कर, रात्री ते जमणार नाही. फोन चार्जिंगला पलंगापासून दूर ठेव, बाळाला पाजून झाल्यावर तिथपर्यंत उठून जायचा कंटाळा येईल आणि तो कंटाळा तुझ्या उपयोगाचा आहे. घड्याळ बघायला फोन लागत असेल तर साधं घड्याळ उशाशी ठेव, रात्री वेळ बघायला घेतलेला फोन मग खाली ठेवला जात नाही.

एकच गोष्ट मात्र पुढे ढकलू नकोस. बाळंतपणानंतर काही दिवस मन हलकं-जड होतं ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुझ्या बाळाला अडीच महिने झालेत. अजूनही सतत उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, आपण चांगली आई नाही असं मनात येत राहत असेल, तर हे तुझ्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांग, उपचार आहेत आणि ते लागू पडतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं तर थांबू नकोस, त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी उठव आणि दवाखाना गाठ.

रात्रीच्या एका वेळेला पाजायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देता येईल का तेही विचारून बघ, आधी काढून ठेवलेलं दूध चालतं. आणि पुढच्या अंकासाठी परत लिही, बाळ किती वेळ झोपतंय आणि तू किती.